दाखल्यावरची मातृभाषा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आधी टाळाटाळच केली. गॅदरिंगची नाटके, पी.टी.च्या सरांची शिट्टी, मधल्या सुट्टीतल्या कैऱ्या आणि बोरे हे सगळे माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. म्हणून आठवणींऐवजी थोडा इतिहास लिहितो. तो आपल्याच शाळेच्या पटावरून सुरू होतो.

२०१७ सालच्या डिसेंबरात सातवीपर्यंत माझ्या शेजारी बसणारा मित्र बावन्न वर्षांनी गावी आला. सोबत त्याचा नातू होता. त्याला शाळा दाखवायची होती आणि जमल्यास स्वतःचे नाव जनरल रजिस्टरमध्ये पाहायचे होते. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुने रजिस्टर काढून दिले. शाईचा रंग तपकिरी झाला होता, पण अक्षर स्वच्छ होते. धर्म : इस्रायली. मातृभाषा : मराठी. शाळा सोडल्याचे कारण : परदेशगमन. मित्राने त्या ओळीवर बोट ठेवले आणि नातवाला हिब्रूत काहीतरी समजावून सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "यातले पहिले तिथे खरे मानायला वेळ लागला, आणि दुसरे आता माझ्या घरात कुणाला कळत नाही."

त्याचे हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. हा लेख त्यापायीच.

आपल्या पिढीला बेने इस्रायल लोकांची ओळख करून द्यायला नको. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि मेलेल्यांना तिथेच पुरले, अशी त्यांची परंपरा सांगते. हे नेमके कधी घडले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मात्र शेकडो वर्षे ही माणसे अष्टागर, पेण, रोहे, मुरूड, पनवेल या पट्ट्यात राहिली हे निश्चित. बरोबरची पुस्तके गेली, हिब्रू भाषा गेली. ईश्वर एकच आहे हे सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची सुट्टी आणि खाण्यापिण्याचे काही नियम एवढे उरले. बाकी सगळे आपल्या मातीतले झाले.

शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोकांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. नावे समाजी, हसाजी अशी झाली. मूळ शमुवेल आणि यहेज्केल. आडनावे गावांवरून पडली : रोहेकर, पेणकर, किहिमकर, नवगावकर, चेऊलकर, दिवेकर. मला सर्वात गंमत वाटते ती सणांच्या नावांची. हिब्रू नावे विसरली गेली तेव्हा सण विसरले गेले नाहीत, त्यांना मराठी नावे मिळाली. वर्षारंभाचा 'नव्याचा सण', 'खिरीचा सण', यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाच्या दुखवट्याचा 'बिरड्याचा सण'. प्रायश्चित्ताच्या कडक उपासाच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून 'दारफळणीचा सण'. वाल भिजवून बिरडे करणारा कोकणी माणूसच आपल्या सणाला असे नाव देऊ शकतो.

त्यांना ओळखले कसे, याचीही एक कथा आहे. दावीद राहबी नावाचा यहुदी इथे आला. कोळणीकडून आणलेल्या मासळीतून बायकांनी फक्त खवले आणि पर असलेली मासळी निवडून घेतली, बाकीची बाजूला ठेवली. ते पाहून त्याची खात्री पटली की हे आपलेच लोक. कथा कितपत खरी ते सोडा. मात्र मित्राच्या आईने कोळंबी कधी घरात घेतली नाही आणि मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूधच घातले, हे मी स्वतः पाहिले आहे. मांसाबरोबर जनावराचे दूध चालत नाही, आणि कोकणात नारळाला तोटा नाही. धर्माचा नियम आणि गावची चव अशी एका टोपात शिजत होती. नव्या वर्षाला त्यांच्याकडून येणारा चिकाचा हलवा आपल्यापैकी पुष्कळांनी खाल्ला असेल.

म्हणजे आपल्या गावात ते वेगळे होते ते धर्माने. भाषेने वेगळे नव्हते. मित्र आणि मी दोघेही घरी जी बोली बोलत होतो ती शाळेत बोललो की गुरुजी सारखेच रागावत.

यापुढचा भाग आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हता. १७९६ साली समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ते कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटल्यावर हे मंदिर उभारले. बेने इस्रायल लोक प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत. मुंबईतल्या मशीद बंदर स्टेशनचे नाव यावरूनच पडले असे सांगतात.

पुढे मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. या लोकांनी ख्रिस्ती व्हावे अशी त्यांची इच्छा होती. झाले उलटे. बाटले फार थोडे, आणि हातात आलेल्या व्याकरणाच्या आधारे पुष्कळांनी आपला मूळ धर्मच वाचायला घेतला. १८७४ साली पुण्यात 'हग्गादा' छापला गेला. वल्हांडणाच्या सणाला वाचायचा हा ग्रंथ हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत होता, आणि त्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. जोसेफ यहेज्केल राजपूरकर या शिक्षकाने हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर हे लोक कीर्तने करू लागले. अब्राहाम, मोशे, एस्तेर यांची आख्याने साकी, दिंडी, ओवीत रचली गेली. टाळ तोच, पेटी तीच, गोष्ट मात्र तौरातमधली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. मराठीमुळे त्यांचा धर्म पातळ झाला नाही. हरवलेला धर्म त्यांना मराठीतूनच परत मिळाला. भाषा आणि श्रद्धा यांचे भांडण त्यांच्या घरात नव्हते.

१९४८ साली इस्रायल देश झाला आणि आपल्याकडची कुटुंबे हळूहळू जाऊ लागली. इथे त्यांना कुणी हाकलले नव्हते. काही धर्माच्या ओढीने गेले, काही नोकरीच्या आशेने, तर काही आधी गेलेल्या भावामागे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज भारतात पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. इस्रायली आळीतली घरे एकेक करून कुलूपबंद झाली ती आपल्या डोळ्यांदेखत.

तिकडे अश्दोद, लोद, रामले, बीरशेबा, दिमोना अशा गावांत त्यांना घरे मिळाली. यातली काही गावे वाळवंटात नव्याने वसवलेली होती. समुद्राकाठच्या माणसांना तिथे पहिली अडचण आली ती भाषेची. हे कोडे समजून घ्यायला हवे. इस्रायलमध्ये जगभरातून माणसे आली होती. कुणी यिद्दिश बोलत होते, कुणी अरबी, कुणी रुमानियन. या सगळ्यांना एक करायचे तर एक भाषा हवी, म्हणून ग्रंथात राहिलेली हिब्रू पुन्हा बोलीत आणली गेली. १८८१ साली यरुशलेमला आलेल्या एलिएझर बेन यहुदा यांनी आपल्या मुलाला जन्मापासून फक्त हिब्रूत वाढवले. त्या जिद्दीतून एक जिवंत भाषा उभी राहिली, आणि जगात याला दुसरी तोड नाही. पण त्या जिद्दीची किंमत प्रत्येक येणाऱ्याने मोजली. यिद्दिश बोलणाऱ्यांनाही रस्त्यात टोकले जाई. तेव्हा मराठीला कोण विचारतो?

मित्राच्या वडिलांचे उदाहरण सांगतो. ते इथे कचेरीत कारकून होते. त्यांचे मोडी आणि बाळबोध दोन्ही अक्षर वळणदार होते आणि गावातले अर्धे अर्ज त्यांनी लिहिलेले असत. तिकडे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते निरक्षर झाले. कापड गिरणीत कामाला लागले. मुलगा सहा महिन्यांत हिब्रू बोलू लागला आणि बँकेत, दवाखान्यात, शाळेत बापाच्या वतीने बोलू लागला. मित्र म्हणाला, "बाबांच्या वतीने मी बोलायला लागलो, त्या दिवसापासून ते घरात कमी बोलायला लागले."

स्थलांतराच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. माणूस देश बदलतो तेव्हा त्याची विद्या बरोबर जातेच असे नाही. ज्या भाषेत ती विद्या असते ती भाषा सीमेवर खाली ठेवावी लागते. मुले मोठी होतात आणि मोठी माणसे लहान होतात.

आणखी एक अडचण भाषेपेक्षा खोल होती. सुरुवातीला गेलेल्या काहींनी रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार करून १९५१ साली धरणे धरले आणि परत पाठवण्याची मागणी केली. काही कुटुंबे १९५२ साली परतही आली. त्यांतली बरीच पुढे पुन्हा गेली. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायल व्यक्तीने बाहेरच्या यहुदी व्यक्तीशी लग्न करायचे असेल तर तिच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. कारण असे दिले की, शेकडो वर्षे एकाकी राहिलेल्या या लोकांनी घटस्फोटाचे वगैरे विधी शास्त्राप्रमाणे पाळले असतील याची खात्री नाही. ज्यांनी पुस्तके नसताना, भाषा नसताना शनिवार सोडला नाही, त्यांना आता कागद विचारला जात होता.

त्यांनी तो अपमान मुकाट्याने गिळला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये त्यांनी मोठे आंदोलन केले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी लेव्ही एश्कोल पंतप्रधान असताना तिथल्या संसदेने ठराव केला की, बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत आणि त्यांच्यात व इतरांत फरक करता येणार नाही. त्यानंतर धर्मपीठाला ते फर्मान मागे घ्यावे लागले. मित्राचे कुटुंब यानंतर वर्षभराने, १९६५ च्या दिवाळीत गेले. जाण्याआधी वडिलांनी त्या ठरावाची बातमी असलेला कागद कापून ठेवला होता, अशी त्याची आठवण आहे.

आता गंमत पाहा. इथे आपण त्यांना 'इस्रायली' म्हणत होतो. तिथे त्यांना 'होदीम' म्हणू लागले, म्हणजे हिंदी, भारतीय. माणसे तीच, नाव दोन्हीकडे परक्याचेच. इथे धर्माने वेगळे ठरले, तिथे भाषेने आणि रंगाने. आपली ओळख आपण ठरवतो असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ती समोरचा ठरवतो, आणि आपल्यात जे त्याच्यासारखे नाही त्यावरून ठरवतो.

मग ज्या मराठीने त्यांना परके केले तिचे त्यांनी काय केले? टाकली नाही. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. महाराष्ट्र दिन साजरा होऊ लागला. नवस फेडताना एलियाहू हन्नबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा तिथेही होतो. लग्नाआधीची मेंदी आणि हिरवा चुडा तिथेही असतो. कित्येकांनी आडनावातला 'कर' तसाच ठेवला. दिमोनाच्या वाळवंटात कुणा घराच्या दारावर हिब्रू लिपीत कोकणातल्या गावाचे नाव वाचायला मिळते.

मात्र भाषेचे गणित सण आणि आडनावांपेक्षा कठीण आहे. पहिली पिढी बोलते, दुसरीला कळते, तिसरीला गाणी पाठ असतात. हिब्रूत आपला 'ळ' नाही, 'ट', 'ड', 'ण' नाहीत. मित्राच्या नातवाला आजोबा 'बाळा' म्हणतात. तो मात्र तोच शब्द 'बाला' असा उच्चारतो. उलट मित्राची मराठी ऐकून मलाच चमकायला झाले. ओसरी, वळई, मोरी, पडवी, आपण टाकून दिलेले किती शब्द त्याच्या तोंडात जसेच्या तसे होते. १९६५ साली आपले गाव जसे बोलत होते तसे तो बोलत होता. आम्ही इथे राहून ती बोली सोडली. तो तिकडे जाऊन ती धरून बसला.

इथवरचा इतिहास सांगताना मराठी माणसाची छाती फुगते. यहुद्यांचा छळ जगभर झाला, महाराष्ट्रात झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. पण अभिमानात दोन गोष्टी निसटतात. एक, त्या समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि गोरे काळ्यांशी सोयरीक करीत नसत. ही सवय त्यांना कुठून लागली, ते आपण आपल्या गावात शोधावे. दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. सांगताना संकोच वाटतो, पण सांगतो.

१९९४ साली मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होतो. पाचवीच्या वर्गात विजापूरकडून आलेल्या खाणकामगाराची मुलगी होती. वर्गात ती कधी बोलली नाही. प्रश्न विचारला की खाली पाही. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला, 'आकलन कमी'. पुढे एकदा खाणीवरून जाताना मी तिला पाहिले. मुकादम हिंदीत हिशेब सांगत होता. ती आईला तो कन्नडमध्ये समजावत होती, आईची तक्रार हिंदीत मुकादमाला सांगत होती, आणि मध्येच शेजारच्या पोरीला आपल्या आगरीत "थांब गो" म्हणत होती. तीन भाषांत व्यवहार करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला मी मंद ठरवले होते, कारण चौथ्या भाषेत, म्हणजे माझ्या पुस्तकातल्या मराठीत, ती गप्प होती. शेरा बदलायचा असे मी ठरवले. होळीनंतर खाण बंद झाली, कुटुंब निघून गेले आणि तिचे नाव पटावरून कमी झाले. तो शेरा तसाच राहिला.

दिमोनात बँकेच्या खिडकीशी बापाच्या वतीने बोलणारा माझा मित्र आणि खाणीवर आईच्या वतीने बोलणारी ती मुलगी, दोघे एकच काम करत होते. एकाचे दुःख ऐकून मी हळहळलो. दुसरीला शेरा दिला.

आज आपल्या तालुक्यात बांधकामावर, वीटभट्टीवर, हॉटेलांत, बंगल्यांच्या राखणीला कोण कोण येते ते पाहा. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, नेपाळ, विजापूर. त्यांची मुले आपल्या शाळांत येतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की, शक्य असेल तिथवर मुलाला मातृभाषेतून शिकवावे. दहा भाषांची मुले एका वर्गात असताना हे 'शक्य' कसे करायचे, हा शिक्षकाचा खरा प्रश्न आहे आणि मी त्याची थट्टा करणार नाही. त्या मुलांना मराठी यायलाच हवी. ती आली नाही तर त्यांचेच नुकसान. इस्रायलनेही हिब्रू शिकवली हे योग्यच केले. पण नवी भाषा देणे वेगळे आणि जुनी काढून घेणे वेगळे. दहा वर्षांचे मूल दोन्ही भाषा सांभाळू शकते, हे बेने इस्रायल मुलांनी शंभर वर्षे दाखवून दिले आहे. घरात मराठी, मंदिरात हिब्रू, कचेरीत इंग्रजी.

मित्र परत जाताना रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो घेऊन गेला. नातवाने त्याला विचारले होते, मातृभाषा म्हणजे तुमची की माझी? मित्राने काय उत्तर दिले ते मला हिब्रूत असल्याने कळले नाही, आणि मीही विचारले नाही.

मेळाव्याला जमणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना दोन विनंत्या करून थांबतो. इस्रायली आळीतली जी मुले आपल्याबरोबर शिकली, त्यांची नावे, वर्गाचे फोटो, पत्रे ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती शाळेत आणून द्यावीत. त्यांच्या नावांचा एक फलक आपल्या वाचनालयात लागावा असे मला वाटते. आणि माजी विद्यार्थी निधीतून जे काही करायचे ठरेल त्यात थोडी रक्कम अशा एका व्यक्तीसाठी ठेवावी, जी शाळा सुटल्यावर बाहेरगावाहून आलेल्या मुलांना तासभर मराठी शिकवील आणि त्यांच्या घरची भाषाही ऐकून घेईल. मी सेवानिवृत्त आहे, घर शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. माणूस मिळेपर्यंत मी येईन.